गुत्त्याचं तिकीट

हुबळी-धारवाड रस्त्यावरच्या एका बसथांब्याचं नाव आमच्या घरात कुणी तोंडातून काढायचं नाही, असा अप्पांचा दंडक होता. अप्पा म्हणजे माझे वडील. थांब्याचं नाव गुत्ता. कंडक्टर दारात लोंबकळत "गुत्ता, गुत्ता, यार्री गुत्ता?", कोण गुत्त्याचं, असं ओरडायचा, आणि ज्यांचं हॉटेल बरोब्बर त्या थांब्यासमोर होतं ते आम्ही, कुणाचं कोण मेलंय अशा चेहऱ्यानं खिडकीबाहेर बघत बसायचो. तिकीट काढायचं पुढच्या फाट्याचं. उतरायचंही तिथंच. मग आपल्याच हॉटेलाकडं अर्धा मैल मागं चालत यायचं. शाळेला सुट्टी असली की अक्का आणि मी धारवाडातल्या सप्तापूरच्या घरातून अप्पांबरोबर हॉटेलावर जायचो, त्यामुळं सुट्टी म्हटलं की मला अजून तो तापलेला डांबरी रस्ताच आठवतो.

आई एकदा भर बसमध्ये म्हणाली, "अहो, पोरींचे पाय भाजालेत, उतरू द्या की तिथंच. नाव घेतलं म्हणून काय तोंडाला वास येतोय?" अप्पांनी तिच्याकडं असं बघितलं की पुढं चार दिवस तिनं बसचा विषय काढला नाही.

आता खरं सांगायचं तर कंडक्टरची त्यात काय चूक? गुत्ताच होता तो. हुबळीच्या रेल्वेतून निवृत्त झालेल्या कुणा इंग्रज साहेबानं दोन्ही गावांच्या मधोमध, चिंचेच्या झाडाखाली तो बांधला होता. धारवाडच्या कचेरीतले साहेब इकडून यायचे, रेल्वेतले साहेब तिकडून. घोडी झाडाखाली दम खायची आणि साहेब आत बियर प्यायचे. माझे आजोबा निपाणीकडून पोट भरायला इकडं आले तेव्हा साहेबानं त्यांना कोठीवाला म्हणून ठेवून घेतलं. पिंपं उतरवून घ्यायची, तळघरात लावायची आणि संध्याकाळी ग्लास भरून द्यायचे. कपाळाला गंध लावून हा माणूस गोऱ्यांना बियर पाजायचा. स्वतः थेंब चाखला नाही. एकादशीला मात्र साहेबाकडून सुट्टी मागून घ्यायचे. दुसऱ्याला पाजलेलीसुद्धा एकादशीला चालत नाही, असा त्यांचा हिशेब.

इंग्रज गेले तेव्हा साहेबही गेला आणि जाताना जागा आजोबांच्या नावावर करून गेला. लगेच मुंबई सरकारची दारूबंदी आली. आजोबांनी बियरच्याच टेबलावर चहाची किटली ठेवली, दारावरची चुन्यात उठवलेली इंग्रजी अक्षरं लिंपून टाकली आणि वर देवाच्या नावाचा फलक लावला. शुद्ध शाकाहारी. माणूस मोठा व्यवहारी. त्यांना त्या जुन्या धंद्याची लाजबिज काही नव्हती. माझ्या लहानपणी मांडीवर घेऊन पिंपांच्या गोष्टी सांगायचे. अप्पा तेवढ्यात आले की गोष्ट रामायणावर वळवायचे.

लाज होती ती अप्पांना. साहेब गेला तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि शाळेत त्यांना पोरं 'गुत्तेवाला' म्हणायची. मास्तरसुद्धा हजेरी घेताना तसंच म्हणाले एकदा, सगळा वर्ग हसला. हे अप्पांनी मला कधी सांगितलं नाही, आजोबांनी सांगितलं. ते बारा वर्षांचं पोर अप्पांच्या अंगातून शेवटपर्यंत गेलं नाही, असं मला वाटतं.

हॉटेल मात्र झकास होतं हो! उप्पीट, मिरची भजी, गिरमीट हे सगळं इतरांकडंही मिळायचं, पण आमच्याकडं थालीपीठ आणि तळघरातलं दही. त्या तळघराला काय गुण होता देव जाणे, वैशाखातसुद्धा दही आंबट व्हायचं नाही. लॉरीवाले, धारवाडला विद्यापीठात जाणारे प्राध्यापक, कोर्टाच्या तारखांना निघालेले पक्षकार, सगळे थांबायचे. आत गेल्यावर डाव्या हाताला सागवानी लांबलचक टेबल होतं, माणसाच्या छातीएवढं उंच. त्याच्यामागं अप्पा उभे. टेबलाच्या पायथ्याशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पितळी दांडी होती. साहेबलोक पिताना एक पाय त्या दांडीवर ठेवून उभे राहत. आणि गंमत म्हणजे, चहा प्यायला आलेला कुठल्याही खेड्यातला माणूस टेबलापाशी उभा राहिला की आपोआप एक पाय उचलून त्या दांडीवर ठेवायचा. धोतर नेसलेला, हातात बशी, आणि ऐट मात्र कलेक्टरची. अप्पा लगेच खेकसायचे, "पाय खाली!" गिऱ्हाईक बिचारं दचकून पाय खाली घ्यायचं, आणि दोन मिनिटांनी पुन्हा वर. मी म्हणायचे, "अप्पा, काढून तरी टाका ती दांडी." पण तीही काढवत नव्हती. दर दसऱ्याला स्वतः चिंच लावून घासायचे.

नव्वदच्या दशकात अक्काची लग्नाची बोलणी सुरू झाली आणि हा शब्द घरात नव्यानं रडवायला लागला. अक्का माझ्याहून मोठी, देखणी, शांत, माझ्यासारखी तोंडाळ नाही. सांगलीकडचं एक स्थळ अगदी सुपारी फुटायला आलं होतं. मुलाच्या आत्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमचा गुत्ता आहे म्हणे?" अप्पा म्हणाले, "हॉटेल आहे." आत्या म्हणाली, "हो हो, तेच." पुढं पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. त्याआधी म्हणे छत्तीसपैकी तीस गुण जुळत होते! अक्का मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. अप्पा दोन दिवस जेवले नाहीत.

असं करता करता दोन हजार साल आलं आणि बेळगावचं स्थळ ठरलं. मुलगा चांगला, नोकरी चांगली. मुलाचे वडील निवृत्त मास्तर, खादी घालणारे आणि गावोगाव दारूबंदीवर भाषणं देणारे. हे ऐकल्यावर अप्पांना धड आनंदही होईना. "सगळं सोडून दारूबंदीवालाच मिळायचा होता काय व्याही," असं आईपाशी म्हणत होते. मी पडवीत बसून ऐकत होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

त्याच सुमाराला रस्ता रुंद करायचं निघालं. माणसं आली, फीत लावून गेली आणि आमच्या दर्शनी भिंतीवर लाल रंगाची फुली मारून गेली. फुलीच्या आतलं सगळं जाणार, म्हणजे टेबल, तळघर, चिंचेचं झाड, सगळंच. मागं उरणार ते फक्त संडास. अप्पांनी दोन-चार ठिकाणी अर्ज केले, मग गप्प बसले. मला ते गप्प बसणं बघवेना. मी तेव्हा धारवाडला इतिहासात एम.ए. करत होते. आमच्या एका सरांनी वर्गात सांगितलं की बेंगळुरूच्या एका खात्याकडून जुन्या इमारतींची यादी होतेय, कुणाला इंग्रजांच्या काळातली काही जागा माहीत असेल तर कळवा. मी त्याच दिवशी पत्र लिहिलं. घरात कुणालाही न विचारता सगळं लिहिलं. साहेब, पिंपं, तळघर, पितळी दांडी, चुन्याखालची अक्षरं. काय उत्साह होता माझा! वाटलं, बघा, आता हीच पोरगी बापाचं हॉटेल वाचवणार.

पत्र वाचून एक गृहस्थ खरंच आले. लग्नाला पंधरा दिवस राहिले होते. टेबलावर लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता आणि अप्पा एकेका पत्रिकेला हळदीकुंकू लावत होते. गृहस्थ मोठे सभ्य. त्यांनी सगळीकडं फिरून पाहिलं, तळघरात वाकून पाहिलं, भिंतीतली घोडी बांधायची लोखंडी कडी हलवून पाहिली. मग अप्पांना कन्नडमध्ये म्हणाले, "पलीकडच्या बाजूला सगळं मोकळं रान आहे. यादीत नाव लागलं तर रस्ता तिकडं सरकवा असं आम्हाला सांगता येतं. खात्री देत नाही, पण सांगता येतं. तुम्ही मालक, तुमचा जबाब महत्त्वाचा. इथं इंग्रजांचा दारूचा गुत्ता होता, एवढं लिहून सही द्या."

अप्पांनी विचारलं, "ही यादी छापून येणार काय?"

"येणार की. पेपरातही येईल."

"कधी?"

"याच महिन्यात."

अप्पांचं कुंकवाचं बोट तसंच वर राहिलं होतं. मला त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते स्पष्ट दिसत होतं. याच महिन्यात बेळगावचे खादीवाले व्याही सकाळी चहा घेत पेपर उघडणार.

"इथं कसली दारू?" अप्पा म्हणाले. "धर्मशाळा होती ही. वाटसरूंसाठी."

"आणि तळघर?"

"धान्याचं."

"कडी?"

"गाय बांधायची."

त्यांनी खाली बघितलं. "मग ही पितळी दांडी कशाला?"

अप्पांनीही खाली बघितलं. "पंचे वाळत घालायला," म्हणाले.

जमिनीपासून वीतभर उंचीवर पंचे! एरवी मी खो खो हसले असते. पण ते गृहस्थ माझ्याकडं वळले. पिशवीतून त्यांनी माझं पत्र काढलं, माझं अक्षर मला लांबूनच ओळखू आलं. "हे तुम्हीच लिहिलंय ना?" म्हणाले. "तुम्ही तर गुत्ता म्हणताय."

अप्पा माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. राग असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. ते बघत होते ते हजेरीच्या वेळी त्या वर्गात बघितलं असेल तसं. "मला नीट माहिती नव्हती," मी म्हणाले. "अप्पा सांगतात तेच बरोबर."

त्यांनी धर्मशाळा असं लिहून घेतलं, अप्पांनी खाली सही केली. नंतर ते थालीपीठ खाऊन, दह्याची तारीफ करून गेले. जाताना मला म्हणाले, "पत्र फार छान लिहिलं होतं हं तुम्ही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी मी आदळआपट केली. "अप्पा, एका सहीनं वाचत होतं सगळं! एका शब्दानं!" अप्पा शांतपणे म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची असते बाळ. अक्का एकदा उजवली की मग काय बोंबलायचं ते बोंबल." मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. अक्कानं विचारलं तेव्हाही काही सांगितलं नाही. तिच्या लग्नाच्या पायात हॉटेल गेलं, असं तिला कशाला वाटू द्यायचं?

लग्न हुबळीला, लॅमिंग्टन रोडजवळच्या कार्यालयात होतं. वऱ्हाड आदल्या दिवशी बेळगावहून बसनं येणार होतं आणि वाटेत आमच्या हॉटेलावर त्यांचा फराळ ठेवला होता. अप्पा दारात नवा फेटा बांधून उभे. बस थांबली आणि आतून आधी आवाजच आला. कुणीतरी ड्रायव्हरला ओरडून सांगत होतं, "हां हां, हाच गुत्ता, इथंच घ्या बाजूला!" आणि मागोमाग खादीची टोपी सावरत व्याही उतरले.

अप्पांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

व्याही आत आले, टेबलापाशी उभे राहिले, चारी बाजूंना बघितलं आणि सहज, अगदी सहज, उजवा पाय उचलून त्या पितळी दांडीवर ठेवला. अप्पा 'पाय खाली' म्हणाले नाहीत. व्याही टेबलावर हात फिरवत म्हणाले, "हे तेच टेबल होय? आमचे वडील बेळगावच्या कोर्टात कारकून होते. साहेबाबरोबर धारवाडला आले की त्यांची इथं फेरी ठरलेली. मराठी कोठीवाला होता म्हणे एक, गंधबिंध लावणारा. तो आमच्या वडिलांचा ग्लास काठोकाठ भरायचा, आपला माणूस म्हणून. तुमचे वडील काय हो ते?"

अप्पा फेट्याचं टोक चाचपत राहिले. मीच म्हणाले, "हो, आमचे आजोबा."

"अरे वा!" व्याही खूश होऊन हसले. "म्हणजे आपली सोयरीक जुनीच निघाली की! वडील मरेपर्यंत आठवण काढायचे, असा गुत्ता मुलखात नाही म्हणून. घरी आल्यावर आमच्या आईचे जे हाल व्हायचे ते बघूनच मी दारूबंदीची भाषणं द्यायला लागलो. पण त्यात ह्या भिंतींचा काय दोष? दही कुठाय ते प्रसिद्ध? आणा की."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. बेळगावात सगळ्यांना माहीत होतं. स्थळ ठरवतानाच म्हणे त्यांनी घरात सांगितलं होतं, गुत्तेवाल्यांची मुलगी आहे, जुने लोक आहेत, चांगले आहेत. आई माझ्या कानात पुटपुटली, "कोंबडं झाकून बसले चाळीस वर्षं, आणि उजाडलं होतं केव्हाच." बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

लग्न छान झालं. अक्का गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी मला हाक मारली, कागद-पेन घेऊन ये म्हणाले. "त्या माणसाला पत्र लिही. लिही, की मी पूर्वी दिलेला जबाब चुकीचा होता. सदर जागेत इंग्रजांच्या काळात ते होतं."

"ते म्हणजे काय, अप्पा?"

"लिही ना तुला कळतंय ते."

मी शब्द लिहिला. त्यांना कागद दाखवला तर त्यांनी त्या ओळीवर नजर टाकली नाही, खाली सही केली. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्यावरचा सगळा राग जाऊन नुसती माया आली. पासष्टीचा माणूस, एवढं सगळं होऊनही तोंडातून तो शब्द निघत नव्हता.

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. दोन महिन्यांनी उत्तर आलं. यादी कायम झाली होती. पत्रात नम्रपणे लिहिलं होतं की आपल्याच सहीच्या जबाबानुसार सदर इमारत ही साधी धर्मशाळा होती. अप्पांनी पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि हॉटेलावर गेले. पुढच्या फाट्यावर उतरून, मागं चालत.

पाडायच्या दिवशी आम्ही चिंचेखाली खुर्च्या टाकून बसलो. झाडाची पाळी दुसऱ्या दिवशी होती. मशीनचा पहिला धक्का बसला तसा दारावरचा चुना खळकन सुटला आणि आतली इंग्रजी अक्षरं वर आली. हाफ वे, अर्धी वाट. एवढंच नाव होतं त्या गुत्त्याचं. त्यात लाजण्यासारखं काय होतं हो? आजोबांनी लावलेला लेप आणि त्यावर पन्नासेक दसऱ्यांची सफेदी, सगळं एका धक्क्यात गेलं. अक्षरं पाचेक मिनिटं दिसली असतील. मशीनवाला अप्पांना विचारायला आला, काही ठेवायचंय का. अप्पा म्हणाले, "दांडी दे." ती पितळी दांडी आता माझ्या घरी आहे, हुबळीत विद्यानगरात. जेवणाच्या टेबलाखाली बसवून घेतलीय. येणारा जाणारा बरोबर तिच्यावर पाय ठेवतो.

त्यानंतर अप्पा घरीच असत. वर्षभरात रस्ता झाला, चांगला ऐसपैस. मला तोवर हुबळीला कॉलेजात नोकरी लागली होती आणि मी सप्तापूरहून रोज जाऊन येऊन करत होते. एका सोमवारी सकाळी अप्पा माझ्याबरोबर निघाले. "कुठं?" विचारलं तर म्हणाले, "पाय मोकळे करून येतो." बसमध्ये माझ्याशेजारी बसले. मला वाटलं, फाट्यापर्यंत येतील, मागं चालत जाऊन मोकळी जागा बघतील. म्हातारपणी काय, करू देत. मी पर्समधून पैसे काढायला लागले तर त्यांनी माझा हात धरून थांबवला.

कंडक्टर नवा होता, कोवळा पोरगा. "एल्लिगे, अज्जा?" त्यानं विचारलं. कुठं जायचं, आजोबा?

"गुत्ता," अप्पा म्हणाले. "एरडू." दोन.

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. माझ्या तिकिटाचा काय संबंध, मला कॉलेजला जायचं होतं. पण मी पर्स मिटली.

कंडक्टर गोंधळला. त्याला नाव माहीत होतं, पण तिथं कुणी उतरत नसावं. "गुत्ता? अल्लि एन ऐति, अज्जा?" म्हणाला. तिथं आहे काय आता?

"नम्म गुत्ता इत्तु," अप्पा म्हणाले. आमचा गुत्ता होता. आवाज एवढा मोठा की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. अप्पा थांबले नाहीत. कन्नडमध्येच सांगत सुटले. माझा बाप तिथं साहेबांना बियर भरून द्यायचा, तळघर होतं, त्यात पिंपं असायची, दारावर इंग्रजी अक्षरं होती. अख्खी बस ऐकत होती. कुणीही हसलं नाही. मागं बसलेला एक लॉरीवाला म्हणाला, "होय अज्जा, दही खाल्लंय की आम्ही तिथं." अप्पांनी वळून त्याला हात जोडले.

बस थांबली. अप्पांचा हात धरून मी उतरले. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही बापलेक आमच्या हॉटेलाच्या बरोब्बर दारात उतरलो होतो. दार तेवढं नव्हतं.